कागदावरचं चौऱ्याहत्तर

वय विचारून वर हसतेस काय, पोरी? आत बायकोचा साखरेचा निकाल अडकलाय, मला कुठली आलीय सांगायची हौस! पण उकरलंस ना, मग ऐक आता. घरच्या हिशेबाने सत्त्याहत्तर — पोटातलं एक वर्ष धरून — ते सोड, तुमचं यंत्र मानत नाही. खरं वय शहात्तर. आणि कागदावर? चौऱ्याहत्तर! का? माझ्या जन्माची नोंद करायला बापाने थोरल्या भावाला तालुक्याला पिटाळलं, तिथे लागली होती कुस्ती. हा बघत बसला, अन् घरी येऊन म्हणाला, झालं काम. झालं नव्हतंच! दोन वर्षांनी उमगलं, तेव्हा मी जन्मलो — सरकारदरबारी!

दोन वर्षांनी काय बिघडतं म्हणतेस? वळचणीला सोलून टांगलेली गामची — तेंदूसारखी केशरी — फळं सुकतायत माझी, मधासारखी गोड — आणि तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पंचाहत्तरी उलटली की लगाम जरा सैल सोडते, त्याआधी नाही! रक्त तेच, साखर तीच — मला दटावणी, अन् नव्वदीचा थोरला काल माझ्याच अंगणात फळामागून फळ चोखत होता. माझ्यासमोर!

बायकोचं विचारतेस, ओक-बुनचं? अगं, मागच्या खेपेला उपाशीपोटी तिचा आकडा माझ्याहून कमी. केवढा तोरा! मग दोघांना साखरेचं पाणी पाजलंत, आणि दोन तासांनी ती गेली माझ्या वर. मी टाळी वाजवली — हो, इथेच, या बाकावर. तर बाई म्हणतात, आजोबा, पेला दोघांना एकच आणि आजी मूठभर. बायकांचं बऱ्याचदा असंच दिसतं, एवढ्यावरून शिक्का नाही मारायचा, पुन्हा बघू. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही माझा. डासांमुळे! डिसेंबरात डास नसतात? आमच्याकडे असतात! आणि ती फळाला शिवत नाही, म्हणून मीही — म्हणजे, चवच गेलीय यंदा फळांची.

थांब, आली... काय गं? काय म्हणाल्या? — काठावर? गोळी नको? नक्की ना? — मग एवढा वेळ आत काय गप्पा हाणत होतीस! रडतोय कोण? वारा आहे. टोपी घाल नीट, कान झाक.

आणि तू, पोरी, लिही तुझं चौऱ्याहत्तर, तुला बोलून काय उपयोग. नव्वदीला टेकला, पण एकदा तोंडातून 'चुकलं' निघालं नाही त्या थोरल्याच्या — मान-सोकच्या!