कॅसेटच्या सुरवातीला

पाथर्डी स्टँडवर बसायला धड बाकडं नाही. उभ्यानंच ऐकलं. तिसगावचा शिंपी आणि एक लेकुरवाळी.

“कानिफकाका, पाया पडते.”

“अगं रेश्मा, स्टँडवर कशाला?”

“आईच्या गान्याची कॅसेट ऐकली काल. टेप दुरुस्तीचा दुकानदार म्हनला हुता, कचऱ्यात टाका.”

“त्याच्या तोंडात माती! टेप गुंतली हुती नुसती. बॉबिन भरतो तशी दमानं गुंडाळली, पार सुरवातीपातुर.”

“आमचा टेपरेकॉर्डर मागं फिरवायचाच न्हाई. गानं कायम अर्ध्यातनंच ऐकलं. मी पाळन्यात असतानाच आई गेली ना.”

“मग सुरवातीला काय निघालं?”

“मी रडतीया. आन आई म्हनती, ‘थांबा, आधी माझ्या रेश्माला घेते, मग गाते.’”