रसायनात 'अ‍ॅ'

...आणि वर मलाच विचारतात, "कागद कुठाय?" अहो, कागद असता तर मी तुमच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिलो असतो का? नाही, तुम्हीच सांगा! पोरगी सोळा वर्षांची, नाव कामशात, कॉम्प्युटरसमोर बसली की बोटं अशी पळतात की दोंब्राच्या तारा छेडणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. बंद पडलेलं यंत्र नुसतं तिच्याकडे बघून सुरू होतं, आणि जग म्हणतं काय? "हो हो, हुशार आहे... पण कागद कुठाय?"

तुम्हाला सांगतो, मी इथे कझाक मुलुखात, जार्केंतमध्ये, एकवीस वर्षं विजेचे मीटर वाचतोय. गावातली कुत्रीसुद्धा मला ओळखतात, भुंकत नाहीत, फक्त एक डोळा उघडतात. कुणाच्या दारात जायला मी कधी लाजलो नाही. पण यंदाच्या मे महिन्यात जी दारं पाहिली...! सुरुवात झाली चौदा तारखेला, मंगळवारी. शाळेतून निरोप आला, झाकिरा आपायनी बोलावलंय. आपाय म्हणजे बाई. वर्गशिक्षिका त्याच आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्याही त्याच, म्हणजे पळायला वाटच नाही. गेलो. बाई म्हणाल्या, "या ओमेके, बसा." झालं! माझं नाव ओमिरझाक. आमच्याकडे मान द्यायचा असला की नाव कापून 'ओमेके' करतात, आणि शाळेतल्या बाईंनी तुम्हाला मान दिला की समजायचं, पुढे काहीतरी वाईट आहे.

"ओमेके," बाई म्हणाल्या, "पोरीला डोकं आहे. मी नाही म्हणत नाही. पण कागदावर काय आहे? इतिहासात तीन. भूमितीत तीन, तेही मी सरांच्या हातापाया पडले म्हणून. आणि माझ्या विषयात..." इथे त्यांनी छताकडे पाहिलं, जणू माझ्या पोरीचे गुण तिथे चिकटलेत! पाचापैकी गुण असतात, दोन म्हणजे नापास, आणि छताकडे पाहिलं म्हणजे दोन. "मिठाचं सूत्र विचारलं, तर म्हणाली, आपाय, शोधून देऊ का? अहो, शोधून काय देऊ? पाठ नको?"

मी म्हटलं, "तिला अल्माटीच्या कॉम्प्युटर कॉलेजात जायचंय. नववीच्या दाखल्यावर घेतात."

"घेतात की! दाखल्यावर दोन नसेल तर घेतात." मग खाली वाकून, हळूच, अगदी आपल्या माणसाला सांगावं तसं, "माझं ऐका. नववीनंतर काढा आणि शिवणकामाला घाला. सुई कुणाला उपाशी ठेवत नाही." मी उठलो. तर बाई काय म्हणाल्या असतील? "बरं, कामशात बाहेर उभीच आहे तर हाक मारा ना तिला, आम्हाला हे नवे कॉम्प्युटर दिलेत, माझा मेला सारखा झोपतो..."

झोपतो! पोरगी गेली, दोन कळा दाबल्या, जागा झाला. बाई म्हणाल्या, "अगं बाई, किती हुशार!" आणि दोन गुण तसेच!

घरी आलो. बायकोला, उलजानला, सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "शिवणकाम काही वाईट नाही." मी म्हटलं, "वाईट नाही, पण जिच्या हातात घोड्याचा लगाम शोभतो तिला मेंढ्या हाकायला का पाठवायचं?" "मग करा काय ते," ती म्हणाली. मी म्हटलं, करतो! दाखल्याचं व्हायचं ते होऊ दे, मी पोरीला काम मिळवून दाखवतो, आणि एकदा काम मिळालं की तीच शाळा तिच्या मागे धावत येईल. बघा, किती सोपं वाटलं होतं मला!

पहिलं दार घरचंच. उलजानचा भाऊ, कामशातचा मामा, बेइसेन. बाजारात त्याचं फोनदुरुस्तीचं दुकान आहे, छपाई पण करतो, लग्नाच्या आमंत्रणाच्या चित्रफिती पण बनवतो, म्हणजे काय, आमच्या कामशातचा स्वर्गच! आम्ही घरी गेलो. मामीनं चहा दिला, दूध घालून, अर्धी अर्धी वाटी, प्रेमानं, वाटी रिकामी झाली की पुन्हा अर्धी. मी विषय काढला. बेइसेन तळलेला बाऊरसाक मोडत म्हणाला, "दाजी, भाची माझी आहे, माझी काय ना आहे? पण उद्या तपासणीवाला आला, म्हणाला हिचा कागद कुठाय, तर मी काय दाखवू? हिचा हसरा चेहरा?"

मी म्हटलं, "तुझा कागद कुठाय रे?"

"माझं वेगळं आहे. माझं दुकान आहे."

मी तोंड उघडलं तेवढ्यात मामीनं पुढची वाटी दिली. काठोकाठ भरलेली! म्हणजे उठा आता, वाट धरा. अर्ध्या वाटीनं बसवतात, भरल्या वाटीनं उठवतात, भरलेली वाटी हातात आली की आमच्याकडे शहाणा माणूस जोडे शोधतो. मी जोडे घालतोय, तर आतून बेइसेनची हाक, "कामशात, आलीच आहेस तर बाळ, तेवढा छपाईयंत्राला काय झालंय बघ ना, तीन दिवस झाले, नुसते काळे पट्टे ओकतंय..." पाऊण तास! पाऊण तास मी अंगणात त्याच्या कोंबड्यांशी बोलत उभा!

दुसरं दार नोटरीबाईंचं. मोठं कार्यालय, थंड हवेचं यंत्र, तीन मुली टंकलेखनाला. मीटर तिथलाही मीच वाचतो. नोटरीबाईंनी कामशातला एक पान टंकायला दिलं. तिनं ते संपवलं तेव्हा शेजारची मुलगी अजून तारीख टंकत होती. बाई खूश! मी मनात म्हटलं, जमलं रे बाबा. बाईंनी चष्मा काढला, पुसला. "हात सोन्याचे आहेत. कागद कुठाय?"

मी म्हटलं, "बाई, तुमच्यासमोरच आहे की कागद, आत्ताच टंकलाय!"

त्या हसल्या नाहीत. जी बाई दिवसभर लोकांच्या कागदांवर शिक्के मारते, तिच्यापुढे कागदावर विनोद करू नये, हे मला तेव्हा कळलं. आणि निघताना? बरोबर! "आलीच आहे तर जरा आमचं हे..." नाही, मी सांगतच नाही पुढे. तुम्हाला पाठ झालंय आता.

परतताना पोरगी कालव्याच्या काठानं गप्प चालत होती. मी म्हटलं, "खचू नकोस."

"मी कुठे खचलेय, कोके?" ती मला कोके म्हणते. "त्यांच्या यंत्रात पंधरा वर्षांपूर्वीचा कचरा होता. साफ केला. छान वाटलं."

छान वाटलं म्हणे! अहो, मी तिच्यासाठी दारोदार, आणि हिला छान वाटतंय! पण खरं सांगू? तिथेच, कालव्यावर, मी ठरवलं, ही पोरगी सुईला जाणार नाही. मला सगळ्या जार्केंतच्या दारात उभं राहावं लागलं तरी चालेल.

आता जूनची दहा तारीख ऐका. सकाळी साडेदहाला झाकिरा आपायचा फोन. "ओमेके! ओमेके, माझ्या सोन्या, कामशातला घेऊन या, उडत या!" ज्या बाईंनी माझ्या पोरीला सुई सुचवली त्यांचा मी सोन्या झालो, म्हणजे शाळेला आगच लागली असणार.

गेलो. आग नव्हती, पण बाकी सगळं होतं. मुख्याध्यापक तोलेगेन सर दप्तरानं वारा घेत होते. झालं होतं असं, की नववीच्या चौऱ्याण्णव पोरांचे गुण एका तक्त्यात भरलेले, त्या तक्त्यावरून दाखले छापायचे, संध्याकाळी पाचच्या आत जिल्ह्याला पाठवायचे, आणि चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव दाखल्यांवर रसायनशास्त्राच्या जागी... रेघ! नुसती आडवी रेघ, जणू हा विषय आमच्या शाळेत कधी शिकवलाच नाही! बाई रडवेल्या, "मी स्वतः भरलेत हो गुण, एकेक करून, दोन रात्री जागून!"

कामशात बसली. एकदा पाहिलं. "आपाय, तुम्ही कीबोर्ड बदललाच नाही."

तुम्हाला सांगतो, आमच्या कझाक भाषेत नऊ अक्षरं अशी आहेत की जी रशियनमध्ये नाहीत. कीबोर्ड बनला रशियनसाठी, तिथे या नऊ जणांना जागा कुठली? मग त्यांना नेऊन बसवलं वरच्या रांगेत, आकड्यांच्या डोक्यावर! भाषा कझाक ठेवून तुम्ही चारची कळ दाबली की चार येत नाही, नाकातला 'ङ' येतो. पाच दाबला की घशातला 'ग़'. तीनचा 'इ'. आणि दोनचा 'अ‍ॅ'! नापास झाल्यावर तोंडातून जो आवाज निघतो तोच, हुबेहूब! बाईंनी शेरा कझाकमध्ये लिहिला, 'शांत मुलगा', 'वहीला कव्हर नाही', आणि त्याच झपाट्यात पुढे गुण मारले. झालं, सगळी नववी 'ङ' आणि 'ग़'! यंत्राला आकडे हवेत, अक्षरं त्यानं मोजलीच नाहीत, आणि मारली रेघ.

मी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, 'ग़ ग़ ङ ग़' बघून तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना!" ते म्हणाले. "वाटलं वरून नवी पद्धत आली असेल. म्हणून सही केली."

कामशात म्हणाली, पंधरा मिनिटं लागतील. ऐकून सगळ्यांचा जीव इतका भांड्यात पडला की ते चहाला गेले. खोलीत आम्ही दोघं. खट खट खट, 'ग़'चे पाच होतायत, 'ङ'चे चार होतायत, मी कलिंगडं फुटताना बघावीत तसा बघतोय... आणि बोटं थांबली.

"कोके."

"काय गं?"

"ही माझी ओळ."

पाहिलं. अ‍ॅ, अ‍ॅ, इ, अ‍ॅ. चारी तिमाह्या! मेंढी बोलतेय जणू!

"हिला हात लावला नाही," पोरगी पडद्याकडे बघतच म्हणाली, "तर माझ्या दाखल्यावर रेघच येईल. दोन येणार नाही. चौऱ्याण्णवमध्ये एक रेघ कोण बघतंय?"

अहो, मी माणूस आहे! दाखल्यावर दोन नाही म्हणजे अल्माटी, अल्माटी म्हणजे कॉलेज, कॉलेज म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे बेइसेनच्या दारात मी पुन्हा जाईन आणि मामी भरली वाटी देईल तेव्हा ती सावकाश, घोट घोट, तासभर पीत बसेन! सगळं एका ओळीवर! कुणाचं काही चोरायचं नाही, काही खोटं लिहायचं नाही, नुसता हात आवरायचा. 'राहू दे' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता, ओठांपर्यंत आला होता, शपथेवर सांगतो!

तेवढ्यात तीच म्हणाली, "पण मग त्र्याण्णव ओळी बरोबर आणि एक चुकीची राहील, कोके. तक्ता चुकीचा राहील." चेहरा असा, की जणू कुणी तिला खरकट्या ताटात जेवायला सांगतंय.

मी म्हटलं, "...बरोबर आहे." एवढंच निघालं तोंडातून. आतून मात्र सबंध अल्माटी शहर जार्केंतपासून लांब लांब जाताना दिसलं मला.

खट. दोन. खट. दोन. तीन. दोन.

बाई परत आल्या, तक्ता पाहिला, हात जोडले, मग नजर त्या ओळीवर गेली. त्यांना कळलं, बरं का. सगळं कळलं. मुख्याध्यापक म्हणाले, "वा! अशी मुलगी शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत हवी. घेतलीच असती मी हिला मदतनीस म्हणून... पण अडचण अशी आहे ओमेके, की हिचा कागद..."

बस! इतके दिवस जे ऐकलं ते सगळं वर आलं. मी खुर्ची ओढली आणि बसलो. "सर," मी म्हटलं, "आता मी विचारतो, कागद कुठाय? घ्या एक कागद आणि लिहा त्यावर. फेरपरीक्षा वीस ऑगस्टला. ती पास झाली की कॉलेजला शिफारसपत्र तुमच्या सहीनं, आणि कॉलेजनं जागा नाही म्हटलं तर सप्टेंबरपासून तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत काम. लिहा, मी बसलोय. मला मीटर वाचायची सवय आहे, आकडा हलेपर्यंत मी थांबू शकतो."

झाकिरा आपाय म्हणाल्या, "लिहा सर." मग माझ्याकडे वळून, "आणि तिला रोज सकाळी आठला माझ्याकडे पाठवा. सुट्टी गेली खड्ड्यात. मीठ, आम्ल, सगळं पाठ करून घेते." आणि मग, खाली बघत, "मला तेवढं ते कीबोर्डचं तिनं शिकवावं."

मुख्याध्यापकांनी लिहिलं. सही, शिक्का, सगळं. आमच्या घरातला कामशातच्या नावाचा पहिला कागद! मी तो घडी न घालता, दोन्ही हातांत धरून उठलो. तर मागून सर, "पोरी, आलीच आहेस तर तेवढी फेरपरीक्षेची यादी पण करून टाक. फलकावर लावायचीय."

केली. कुरकुर नाही, काही नाही. सुरेख चौकट आखली, मधोमध ठळक मथळा, खाली विषय, तारीख, वेळ, खोली क्रमांक. यादीत नाव एकच होतं. तिचं. बाकीचे सगळे तिच्याच कृपेनं पास झाले होते ना! छापून काढली, कडा कापल्या, आणि स्वतः टाचण्या मारून फलकावर लावली, सरळ, एका रेषेत.

झाकिरा आपाय दोन पावलं मागे सरकल्या, मान तिरकी केली, आणि कौतुकानं म्हणाल्या, "बघा ओमेके, काम बघा पोरीचं! एक चूक काढून दाखवा!"

मी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं. खरंच हो... एकही चूक नव्हती.