शेवंतीचे दिवे आणि आमची झोप

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रामपंचायतीच्याही अध्यक्षा माननीय पिळ्ळम्मा, व्यासपीठावरचे तालुका आरोग्य अधिकारी महोदय, दूध सोसायटीचे सचिव नंजुंडप्पा, आरोग्य केंद्राचा सारा परिवार, समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणी, वडीलधारी मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला हे समुदाय भवन आज दारापर्यंत भरलंय त्या आपल्या डॉक्टरम्मा, डॉ. वारिजा उडुप, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी गंगरत्ना. इथल्या हायस्कूलात कन्नड शिकवते. बोलणं हा माझा रोजचाच उद्योग, त्यामुळे भाषण लांबायची भीती आहे. त्यातून पिळ्ळम्मांनी मघाशीच कानात सांगितलं, ‘टीचरम्मा, बोंडे निवतायत, आटोपतं घ्या.’ प्रयत्न करते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरम्मांच्या लसीकरणाचा, बाळंतपणांचा, डेंग्यूच्या साथीतल्या कामाचा गौरव केला. मी त्यात भर घालणार नाही. मी माझ्या घरात घडलेली एकच गोष्ट सांगणार आहे. त्यात आमचे शेजारी मुनिनारायणप्पाही येतात, म्हणून काल मी त्यांची परवानगी काढली. ते म्हणाले, ‘सांग की अक्का, पण मी भांडलो ते थोडक्यात सांग.’ ते तिकडे मागे, वाढपाच्या टेबलापाशी उभे आहेत. अण्णा, थोडक्यातच सांगते.

माझ्या मुलीला, अमूल्याला, लहानपणापासून फिट येते. हे आपल्या गावात सर्वांना ठाऊक आहे. देवळात तीर्थ दे, अंगारा लाव, असं प्रेमानं सांगणाऱ्या बायका इथे समोरच बसल्या आहेत, त्यांच्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. पण बेंगळूरच्या डॉक्टरांच्या गोळीनं तिचा आजार आवरला होता. पोरगी शाळेत रमली होती, टिपऱ्या घेऊन कोलाटात पहिल्या ओळीत नाचायची. आणि मग ती आठवीत गेली त्या वर्षी फिट पुन्हा यायला लागली. आधी सणावारी, मग महिन्यात एकदा, मग आठवड्यात. एकदा तर चुलीपाशी. तिच्या मनगटावरचा डाग तुम्ही पाहिला असेल.

मी तिला घेऊन किती दवाखाने फिरले! कुणी गोळी वाढवली, कुणी दुसरी जोडली. फिट थोडी कमी झाली, पण पोरगी झाकोळली. वर्गात मान टाकून बसायची. माझ्याच वर्गात, माझ्याच समोर. ज्या पोरीला कविता एकदा वाचून पाठ व्हायची, तिला दुपारी काय जेवली ते आठवेना. घरी यजमान विचारायचे, आता शाळा थांबवायची का?

डॉक्टरम्मा तेव्हा आपल्या केंद्रात नव्या होत्या. एका फिटनंतर मी अमूल्याला त्यांच्याकडे नेलं, त्यांनी तपासलं, आणि संध्याकाळी काम आटोपल्यावर पोरीला पुन्हा पाहायला त्या स्वतः आमच्या घरी आल्या. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई दारी आल्यात, जेवल्याशिवाय कशा जातील? त्या समुद्राकडच्या, भातखाऊ माणूस. त्यांच्या पानात रागीचा मुद्दा, नाचणीच्या उकडीचा गोळा, वाढला तर त्या तो चावायला लागल्या. माझे यजमान न राहवून म्हणाले, ‘अम्मा, तो चावायचा नसतो, गिळायचा असतो.’ तेवढ्या चिंतेतही अमूल्या हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

आम्ही जेवत असतानाच मुनिनारायणप्पांच्या शेतातले दिवे लागले.

आपल्याला त्याचं काय नवल? आपल्याकडे शेवंतीवर बल्बांच्या माळा टांगल्यात. रात्री उजेड मिळाला की रोपाला दिवस मोठा वाटतो, ते लवकर कळी धरत नाही, दांडा लांब वाढतो, बाजारात भाव मिळतो. आपल्या घरांवर माड्या चढल्या त्या या दिव्यांमुळे. पण मुनिनारायणप्पांचं शेत आमच्या भिंतीला लागून आहे. डॉक्टरम्मा हात धुऊन अमूल्याच्या खोलीत गेल्या. खोलीतला दिवा बंद होता, खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा होता. त्यांनी तिच्या गोळ्यांचं पाकीट उचललं आणि त्यावरची बारीक अक्षरं तशीच वाचली. वाचून थांबल्या. मग मला विचारलं, ‘ही झोपते कधी?’

मी म्हटलं, ‘नऊला आडवी होते.’

‘आडवी कधी होते ते नाही विचारलं मी. झोपते कधी?’

अमूल्या हळूच म्हणाली, ‘दिवे गेल्यावर, डॉक्टरम्मा.’ दिवे कधी जायचे? पहाटे.

पुढे डॉक्टरम्मांनी मला शांतपणे समजावलं. अंधार पडला की शरीर झोपेची तयारी करतं, उजेड राहिला की ते ताटकळतं. तुम्हा-आम्हाला त्यानं आंबट ढेकर येतील, चिडचिड होईल, रक्तदाब वाढेल. पण हिचा आजार झोप मोडली की डोकं वर काढतो. ‘सगळा दोष मी दिव्यावर टाकत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. पण आधी हिला अंधार देऊ या, मग गोळी वाढवायची का ते ठरवू.’ बेंगळूरच्या डॉक्टरांशी त्या स्वतः फोनवर बोलल्या.

आम्ही अमूल्याची गादी रागीच्या कोठीत हलवली. तिथे खिडकी नाही. पोरगी पहिल्या रात्री उंदरांना घाबरली, नंतर अशी झोपली की सकाळी मी तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. बघता बघता पंधरवडा फिटशिवाय गेला. मला वाटलं, जिंकलो. आणि उन्हाळा आला. वर सिमेंटचा पत्रा, आत हवा नाही. पोरगी घामानं निथळत पुन्हा खिडकीच्या खोलीत आली, आणि तिच्यामागून फिटही आली.

मग डॉक्टरम्मा मुनिनारायणप्पांकडे गेल्या. मीही गेले. अण्णांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग जे बोलायचं ते बोलले. थोडक्यात सांगते म्हटलंय, म्हणून एवढंच सांगते: ‘तुमच्या पोरीसाठी मी माझं शेत काळोखात घालू? रोपाला कळतं का पोरगी आजारी आहे ते? पडदा जाड लावा की.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरम्मा मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अण्णा, दिवे विझवा म्हणायला मी आलेच नाही. उजेड रोपाला हवाय. मग तो रोपावरच पडू दे, आमच्या डोळ्यांत कशाला?’

अण्णा काहीतरी उत्तर देणार, इतक्यात त्यांच्या आई, अक्कय्यम्मा, केरसुणी घेऊन अंगणात आल्या. नुकतंच रात्रीचं जेवण उरकलं होतं, आणि म्हातारी सडा घालायच्या तयारीला लागली. सून लगबगीनं त्यांना धरायला धावली. डॉक्टरम्मांनी त्यांना जवळ बसवून विचारलं, ‘अज्जी, आत्ता कशाला झाडता?’

अक्कय्यम्मा म्हणाल्या, ‘उजाडलं ना बाई. या घरात सारखं उजाडतंच. मी रांगोळी घालते, पुन्हा घालते, पण कुणी उठतच नाही. निजायचं कधी मी?’

सुनेनं खालमानेनं खरं सांगितलं. तेव्हाच आम्हाला कळलं की गेलं वर्षभर ती सासूला रात्री धरून धरून बसते, आणि म्हातारपणाचा चळ म्हणून घरात कुणी त्याची वाच्यता करत नाही. डॉक्टरम्मांनी अज्जींचा रक्तदाब पाहिला आणि आकडा अण्णांना दाखवला, बस. उपदेशाचा एक शब्द नाही.

दोन दिवसांनी मला पलीकडून ठोकाठोकी ऐकू आली. अण्णा खाद्यतेलाचे रिकामे डबे कापून प्रत्येक बल्बाला टोपी करत होते. गावानं काय कमी चेष्टा केली? ‘दिव्यांचं लग्न लावताय का, मुनिनारायणप्पा?’ असं विचारणारे सचिव महोदय आता व्यासपीठावर गंभीर चेहऱ्यानं बसले आहेत. फलोत्पादन खात्याच्या माणसाला विचारून अण्णांनी दिव्यांचे तासही कमी केले, थोडा वेळ लावायचे, थोडा वेळ विझवायचे. आमच्या भिंतीलगतच्या ओळी तर त्यांनी दिव्यांशिवायच सोडल्या. त्या ओळींचे दांडे आखूड राहिले. ती फुलं त्यांना हारवाल्यांना सुटी विकावी लागली. अण्णा, ते नुकसान तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाही. आज सर्वांसमोर मी तुमचेही आभार मानते.

अमूल्या एका रात्रीत बरी झाली, असं मी सांगणार नाही. पुढच्या उगादीच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, आदल्या दिवशी पुन्हा एक मोठी फिट आली आणि मी डॉक्टरम्मांसमोर रडले, म्हटलं सगळं वाया गेलं. त्या म्हणाल्या, ‘गंगरत्ना, मागच्या उगादीला हिला साल तरी सांगता आलं असतं का?’ मी पोरीकडे पाहिलं. ती कडुलिंबाचा पाला निवडत कविता पुटपुटत होती. बेंगळूरच्या डॉक्टरांनी हळूहळू जादाची गोळी काढली. पोरगी दहावी झाली, आता चिंतामणी गावच्या कॉलेजात जाते. आणि अक्कय्यम्मा देवाघरी जाईपर्यंत रात्रभर झोपायच्या. त्यांच्या सुनेनं डॉक्टरम्मांना आज जी साडी दिली, ती का दिली हे आता तुम्हाला कळलं असेल.

डॉक्टरम्मा, तुम्ही पुढे गावातल्या कितीतरी घरांत गेलात. गार्मेंट कारखान्याच्या रात्रपाळीहून येणाऱ्या मुलींना दिवसा अंधार कसा करून झोपायचं ते शिकवलंत, अंगणवाडीसमोरच्या दिव्याचं तोंड खाली वळवून घेतलंत. आता तुम्ही निवृत्त होऊन कुंदापूरला, आपल्या माणसांत, चाललात. रागीचा मुद्दा अजूनही तुम्ही चावताच, ते आम्ही पोटात घातलं. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याला आभार हा शब्द पुरत नाही, पण माझ्याजवळ, कन्नडच्या शिक्षिकेजवळ, दुसरा शब्द नाही.

अमूल्या का आली नाही, असं मला येताना दोघी-तिघींनी विचारलं. तिला यायचं होतं, दोन शब्द बोलायचेही होते. पण दुपारी डॉक्टरम्मा स्वतः घरी येऊन तिच्या हातचा चहा पिऊन गेल्या आणि बजावून गेल्या की कार्यक्रम रात्री लांबणार, तुझी झोप मोडेल, तू यायचं नाहीस. म्हणून मी एकटीच आले. दार ओढून घेताना मी आत डोकावले. खिडकी उघडी होती, वारा येत होता, आणि माझी मुलगी गाढ झोपली होती.

तिच्या वतीनं मी तुम्हाला वाकून नमस्कार करते. बोलण्याच्या ओघात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर घरची समजून पोटात घाला. अध्यक्षांची, आणि निवलेल्या बोंड्यांबद्दल आपणा सर्वांची क्षमा मागून मी थांबते. नमस्कार.