ओल्या सांध्यावर मारलेली काळी टेप

पुरवणी जबाब. मी, सगळे ज्याला पक्कडमामा म्हणतात तो, वय ५८ वर्षे, धंदा वायरमन, राहणार लाँड्रीमागची शेवटची खोली. आज शनिवारी सकाळी ११ वाजता कोणी न बोलावता ठाण्यात आलो आणि समक्ष सांगतो की, परवा दिलेल्या माझ्या जबाबातली मुख्य गोष्ट खोटी आहे.

सोमवारी दुपारी ३ च्या सुमारास लाँड्रीच्या मोरीतल्या पंपाची तुटलेली वायर मी जोडली. तिथे कायम पाणी साचलेलं असतं. अशा ठिकाणी रबरी टेप ताणून गुंडाळायची. तिला गोंद नसतो, ती स्वतःलाच धरते, पाणी आत शिरत नाही. त्यावर मग साधी काळी. इस्त्रीसारख्या तापणाऱ्या जागी काचेच्या कापडाची. नुसती काळी फक्त कोरड्या बोर्डात. हे मी तीस वर्षं लोकांना तोंड वर करून शिकवत आलो.

त्या दिवशी रबरी टेप घरी राहिली होती. घर चाळीस पावलांवर. पण चहा निवत होता, म्हणून गेलो नाही. काळीचेच सात वेढे मारले. इस्त्री करणाऱ्या वहिनींनी विचारलं, "मामा, पाण्यात टिकेल ना हे?" मी म्हणालो, "तुम्ही तुमचे कपडे बघा हो, मला नका शिकवू."

गुरुवारी सकाळी १० वाजता बादली उचलताना त्यांचा हात त्या वायरला लागला. तीन बोटं भाजली. मालकाने मेन स्विच पाडला आणि मला बोलावलं. टेप सुटून लोंबत होती. ती मी गुपचूप खिशात घातली (आज हजर केली आहे) आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ओल्या हाताने वायर ओढली असणार, दुसरं काय!" साहेब, त्याच दिवशी तुमच्यासमोरही हेच लिहून दिलं. काल मालकाने वहिनींना कामावरून काढलं.

काल संध्याकाळी इस्पितळात गेलो. गेलो नसतो तर लोकांना संशय आला असता, म्हणून गेलो. खोटं कशाला बोलू? वहिनी धडपडत उठून बसल्या. म्हणाल्या, "मामा, माझ्या वेंधळेपणामुळे तुमच्या कामाला बोल लागला. माफ करा." शेजारी त्यांचा नवरा मान खाली घालून उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी म्हणालो, "असू द्या, वहिनी. केलं माफ."

वरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. शेवटचं वाक्य गाळा, अशी विनंती मी केली होती. ती मागे घेतो.