समुद्र कोण होणार?

संपादक : आणि हे पान सहा. मी पुन्हा मोजली. दोनच मुलं आहेत.

चित्रकार : नीट मोजा.

संपादक : दोनपर्यंत येतं हो मला. तुमच्या ताईंनी लिहिलंय, ‘तिघं वाळूच्या ढिगावर चढले.’ चित्रात चढलेत दोघं. पान आठ, दोघं. पान बारा, दोघं. अख्ख्या चोवीस पानांत तिसरं मूल एकदाही नाही. आणि पुस्तक उद्या सकाळी छापखान्यात जायचंय.

लेखिका : मी पण आत्ताच बघतेय. मला याने कच्ची चित्रं दाखवलीच नाहीत. सख्खा भाऊ पडला ना, त्याला कोण विचारणार!

चित्रकार : तिसरा प्रत्येक पानावर आहे.

संपादक : कुठे?

चित्रकार : हा काय. निळा.

संपादक : हा समुद्र आहे.

चित्रकार : तोच.

संपादक : मॅडम, तुम्ही तरी सांगा. मला रात्री झोप लागायला हवी.

लेखिका : आमच्या घरामागे शेजाऱ्यांनी बांधकाम काढलं होतं. त्यांचं आपसात फाटलं आणि काम थांबलं. वाळूचा ढीग तसाच राहिला, चार वर्षं. ती आमची बोट. मी दहा वर्षांची, म्हणून कप्तान. हा आठचा, खलाशी. आणि धाकटा बारक्या, पाच वर्षांचा.

संपादक : तो कोण व्हायचा?

लेखिका : बोट आहे म्हटल्यावर कुणीतरी समुद्र व्हायला नको? आईचा निळा पलंगपोस त्याच्या अंगावर टाकायचा. मग त्याने ढिगाभोवती रांगायचं. आम्ही ओरडलो, वादळ, की उसळायचं.

चित्रकार : फार मन लावून उसळायचा. गुडघे फोडून घ्यायचा.

संपादक : वा! अहो, मग हे मजकुरात का नाही? बरं, असू दे. पलंगपोसातून त्याचं डोकं बाहेर आलेलं दाखवा, एका पानावर तरी. मुलांना चेहरा लागतो. पुस्तकं तपासणाऱ्या आमच्या समितीने तर चौदा सूचना पाठवल्यात. त्यातल्या तेरा मी गिळल्या.

चित्रकार : तेरा कुठल्या?

संपादक : मुलं ढिगावर चढतात तेव्हा खाली एक मोठं माणूस उभं दाखवा.

चित्रकार : मग ती बोट राहत नाही. शाळेची सहल होते.

संपादक : म्हणून तर गिळली. वाळू तोंडात जाऊ नये, वादळाने लहान मुलं घाबरू नयेत, कप्तानाने आधी परवानगी घ्यावी. सगळं गिळलं. पण तिसरं मूल मला गिळता येणार नाही. काढा बुवा त्याचा चेहरा.

चित्रकार : येत नाही.

संपादक : तुम्हाला? तुमची चित्रं बघून आमच्या शिपायाने त्यातल्या दारातल्या मांजराला नाव दिलं.

चित्रकार : मांजराचा चेहरा आठवतो मला. याचा नाही आठवत. महिनाभर काढून बघितला. दर वेळी माझाच होतो, नाहीतर हिचा. तो कायम पलंगपोसाखाली असायचा हो. वरून आम्ही नुसती पाठ बघितलीय त्याची.

संपादक : फोटो असेल की एखादा.

लेखिका : फोटो त्याच्याकडे होते. आई शेवटपर्यंत त्याच्याकडे राहिली, तिच्याबरोबर अल्बमही तिकडे गेला.

संपादक : मग सोपं आहे! आत्ता फोन लावा, म्हणावं मोबाईलवर काढून पाठव.



लेखिका : तो फेब्रुवारीत गेला.

संपादक : अरेरे. माफ करा. मला कल्पना नव्हती.

चित्रकार : आम्हाला तरी कुठे होती? एकोणीस दिवस नव्हती.

लेखिका : राहू दे ना रे.

चित्रकार : का? यांना तिसरा कुठेय ते हवंय ना? अहो, घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचायची नोकरी होती त्याची. आई गेल्यावर एकटाच राहायचा. कामावरून चालत घरी आला, खुर्चीत बसला, संपला. कचेरीच्या कागदावर माझा नंबर लिहिला होता. जुना. मी नंबर बदलल्याचं त्याला कळवलंच नव्हतं. किती वर्षं ते विचारू नका.

लेखिका : आम्ही पोचलो तेव्हा खोलीला चुना लागला होता. नवीन जोडपं राहायला आलं होतं. त्यातली मुलगी बिचारी म्हणाली, बसा ना, पाणी देते.

संपादक : आणि सामान?

लेखिका : घरमालक म्हणाला, मी वाट पाहिली. मग भंगारात दिलं. त्याचं काय चुकलं? त्याने पाहिली तरी.

संपादक : पण मधल्या काळात बोलणं…

लेखिका : मला वाटायचं, हा करतो फोन.

चित्रकार : मला वाटायचं, ही करते. थोरली आहे, शाळेत बाई आहे, हजेरी घ्यायची सवय आहे. मी निश्चिंत.

लेखिका : मी विचारायचे याला, बारक्या बरा आहे ना? हा म्हणायचा, असेल की. तेवढ्यावर मी फोन ठेवायचे. तीस वर्षं लोकांच्या पोरांच्या वह्या तपासल्या, लाल पेनाने.

संपादक : मॅडम, पाणी घ्या. आपण हवं तर पुढच्या आठवड्यात… छापखान्याला मी काहीतरी सांगतो.

लेखिका : नको. उद्या म्हणजे उद्या. शेवटचं पान दाखवा बघू.

संपादक : त्याचंच मला अवघड वाटत होतं. ओळ आहे, ‘मग तिघं घरी गेले.’ चित्रात दोघं पळताहेत आणि वाळूवर पलंगपोस पडलाय. समितीने लिहिलंय, कपडे उघड्यावर टाकून जाणे, स्वच्छतेचा चुकीचा संदेश.

चित्रकार : पलंगपोस पडलेला नाही. तो आत आहे.

लेखिका : कशाला काढलंस रे हे?

चित्रकार : असंच झालं होतं म्हणून. अहो, आईने जेवायला हाक मारली, आम्ही दोघं पळालो. खेळ संपला, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, हिने सांगितलं.

लेखिका : मला वाटलं, याने.

संपादक : म्हणजे तो किती वेळ तिथे…

चित्रकार : दिवे लागले. आईने विचारलं, बारक्या कुठेय? तेव्हा कुठे आम्ही मागे गेलो. पलंगपोस हलत नव्हता. माझी तर बोबडी वळली. ही म्हणाली, अरे, हलत का नाहीस? तर आतून आवाज आला, वारा पडलाय.

संपादक : रडत होता?

चित्रकार : छे! मग डोकं बाहेर काढलं. अंधारात चेहरा काही दिसला नाही. म्हणाला, पोचलात का तुम्ही?

लेखिका : बास.

चित्रकार : आणि तू लिहितेस, तिघं घरी गेले. खोटं बोलणाऱ्या पोरांना तू वर्गात उभं करायचीस ना?

लेखिका : करायचे. आता मी उभी आहे. तू काढ.

चित्रकार : तिघं काढले की आपण सुटलो, असं होईल ताई.

लेखिका : आपण नाही सुटत. तू नको काळजी करूस. त्याला घरी न्यायला मला दुसरी जागाच उरली नाही रे. खोलीला चुना लागलाय. आईचं घर विकलंय. एवढं एक पान आहे. बाकीची तेवीस मी या पानासाठी लिहिली, आणि तू त्याला पुन्हा तिथेच ठेवून आलास.

चित्रकार : चेहरा कुठून आणू मी?

संपादक : मी बोलू का? घरी जाणारी मुलं आपल्याला पाठमोरीच दिसणार ना? चेहरे नकोत. समितीला काय सांगायचं ते माझं मी बघतो.

लेखिका : हो. पाठमोरे काढ. वाळू मागे राहिली, समोर दार, आणि तिघं.

चित्रकार : पेन्सिल द्या तुमची.

संपादक : ही घ्या. टोक आहे.

चित्रकार : ही तू. दोन वेण्या, एक सुटलेली.

लेखिका : दोन्ही सुटलेल्या. वादळ होतं.

चित्रकार : बरं, दोन्ही. हा मी, तुझ्या खांद्याला. आणि हा तो. हात कुणाच्या हातात देऊ?

लेखिका : माझ्या. नको, दोघांच्या. मधे घे त्याला. म्हणजे हा धरेल, ती धरेल, असं नको.

चित्रकार : मधे. झालं.

लेखिका : अरे, फार लहान काढलास. इतका लहान नव्हता तो. समुद्र व्हायचा, ढिगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चित्रकार : पलंगपोस मोठा होता, ताई. तू दहाची, तो पाचचा. मापाने काढलाय. तुझ्या कमरेच्या थोडासा वर लागतो.

लेखिका : थांब, बघू दे. एवढासा होता?