बाप्पाची गाडी

लालबागला गणपतीच्या कारखान्याबाहेर, बाप्पाला मांडीवर घेऊन राधाबाई टॅक्सीची वाट पाहत होत्या. शेजारी शेटच्या गाडीजवळ मेकॅनिक उत्तम आणि त्याचा मित्र बोलत होते.

“उत्तम, शेटच्या स्पोर्ट्स कारमधून बाप्पा? खड्ड्यात सोंड तुटेल रे!”

“आता नाही. शेटने स्प्रिंगा कडक टाकलेल्या, धक्के झेलणारे शॉक-अॅब्सॉर्बर दुसऱ्याच कंपनीचे, नरम. स्प्रिंग उसळली की शॉकला आवरायची नाही, गाडी नाचत सुटायची. मी त्या स्प्रिंगांना आवरतील असे शॉक बसवले.”

“आणि नाचली तर?”

“काल आईच्या मांडीवर भरलेला तांब्या दिला, भोईवाड्यापर्यंत फिरवलं.”

“सांडला?”

“आईला डुलकी लागली. तांब्या तसाच भरलेला.”

“संपात मिलमधली नोकरी गेली, पण तुझ्या हातातलं कसब नाही गेलं, उत्तम!”

टॅक्सी येऊन थांबली. राधाबाईंनी तिला पुढे जायची खूण केली आणि त्या उत्तमकडे वळल्या.

“बाळा, तुझ्या गाडीत अजून एक बाप्पा बसेल का रे?”