तिथीची पाऊणपट

ताई, मासळी घ्यायला आलात, की जाब विचारायला? — बसा ना त्या पाटावर, सुरमई कापेपर्यंत बोलू. कृणाल घरी म्हणाला ना, सगुणा मावशीने फसवलं म्हणून? फसवलंच. पण त्याच्या आधीचं सांगितलं का त्याने? नसेल सांगितलं.

आमच्या श्रुतिकाकडे लॅपटॉप नाही, म्हणून कॉलेजचा प्रोजेक्ट ती तुमच्याकडे येऊन करायची — त्याच्याच लॅपटॉपवर, तोच ये म्हणाला होता. तुम्ही तिला दाराजवळ स्टुलावर बसवायचात, माशाचा वास येतो म्हणून. पोरगी आंघोळ करून, पावडर लावून यायची हो — तरी आम्ही चालवून घेतलं. वर्सोव्याच्या होड्यांना भरतीची वेळ सांगणारा प्रोग्राम लिहिला तिने, आणि तुमच्या लेकाने तो तिच्या आधी स्वतःच्या नावाने देऊन टाकला. सर म्हणाले, दोघांचं सगळं सारखं, मग चोर कोण? तर हा सगळ्या वर्गासमोर काय म्हणाला ठाऊक आहे? "कोळणीची पोरगी सर, घरात लॅपटॉप नाही, ती कुठून लिहिणार?" — रडत घरी आली. सरांनी दोघांची तोंडी परीक्षा ठेवली, चोर ठरेल त्याचं वर्ष जाणार.

आदल्या संध्याकाळी हा इथे, पेढे घेऊन. म्हणाला, "मावशी, त्या प्रोग्राममध्ये तिथीला पाऊणने का गुणलंय?" — आम्ही कोळी तिथीची पाऊणपट करतो ना, चतुर्थी असली की तीनला भरती. का? तर भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते, एवढंच. सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बाळा, धक्क्यावरून होडी खोल पाण्यात जायला पाऊण तास लागतो, म्हणून." डोक्यावरून हातसुद्धा फिरवला. त्याने वाकून नमस्कार केला मला. वाईट वाटलं का? — मलाही वाटलं होतं, वाटेल. नाही वाटलं, ताई. जेवले, झोपले.

ही घ्या सुरमई, काटे बघून खायला द्या त्याला. आणि उद्यापासून मासळी दुसरीकडे बघा, माझ्या हाताला वास येतो. काय म्हणता, परीक्षेत नक्की काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने होडीचं सांगितलं, सर म्हणाले मग इंजिनाची होडी घेतली तर भरती लवकर येते का, आणि त्याचं नाव कापून प्रोजेक्ट श्रुतिकाच्या नावावर केला.